क्लाउड आणि ऑफिसमधलं बीजीपी सेशन उभं राहत नाही तेव्हा: तपासणीचा क्रम

एडब्ल्यूएसच्या (ॲमेझॉनच्या क्लाउडच्या) कन्सोलवर ऑफिसला जोडणाऱ्या व्हीपीएन टनेलची स्थिती 'डाउन' आणि त्याच ओळीत तपशील 'आयपीसेक इज अप' असं दिसलं की नवा माणूस गोंधळतो. दोन्ही खरं असतं. टनेल (आयपीसेक म्हणजे त्याचं कूटबद्ध वेष्टण) उभा आहे, पण त्यावरून चालणारं बीजीपी सेशन, म्हणजे दोन राउटरांनी एकमेकांना रूट कळवण्याची जोडणी, उभं नाही. अशा वेळी बरेच जण नेबरचं (समोरच्या बीजीपी राउटरचं) कॉन्फिगरेशन काढून पुन्हा टाकतात, नाहीतर 'क्लिअर आयपी बीजीपी' मारतात. त्याने सहसा काही साधत नाही. उलट राउटरने नोंदवलेलं शेवटच्या रिसेटचं कारण बदलून जातं, आणि तोच खरा धागा असतो. सेशन का पडलं हे राउटर बहुतेक वेळा स्वतःच सांगतो. आधी ते वाचायचं, मग हात लावायचा.

हा लेख मुख्यतः एडब्ल्यूएसच्या साइट-टू-साइट व्हीपीएनवर बेतलेला आहे. डायरेक्ट कनेक्ट (एडब्ल्यूएसची थेट खाजगी लिंक) आणि अझ्युअर (मायक्रोसॉफ्टचा क्लाउड) जिथे वेगळे वागतात तेवढं शेवटी वेगळं दिलं आहे. कमांड सिस्को आयओएसच्या धर्तीवर आहेत. दुसऱ्या कंपनीच्या राउटरवर नावं बदलतील, क्रम तोच राहील.

आधी कागदावर मांडणी

उदाहरणासाठी हे आकडे धरू. ऑफिसचं नेटवर्क १०.२०.०.०/१६, ऑफिसची एएसएन (बीजीपीत नेटवर्कची ओळख सांगणारा क्रमांक) ६५०००. व्हीपीसी (क्लाउडमधलं तुमचं खाजगी नेटवर्क) १०.५०.०.०/१६, ॲमेझॉनकडची एएसएन ६४५१२. पहिल्या टनेलच्या आतली पट्टी १६९.२५४.४४.८/३०. या /३० मध्ये वापरता येणारे पत्ते दोनच: .९ आणि .१०. एडब्ल्यूएस व्हीपीएनमध्ये पहिला पत्ता ॲमेझॉनचा आणि दुसरा तुमचा. म्हणजे तुमच्या टनेल इंटरफेसवर .१० आणि नेबर म्हणून .९. हे उलटं टाकणं ही सगळ्यात साधी आणि सगळ्यात जास्त आढळणारी चूक आहे.

प्रत्येक टनेलसाठी सहा गोष्टी लिहून काढा: दोन्हीकडचे पब्लिक आयपी, दोन्हीकडचे आतले आयपी, दोन्हीकडच्या एएसएन. एडब्ल्यूएस एका कनेक्शनला दोन टनेल देतं आणि दोघांचे आकडे वेगळे असतात. पहिल्या टनेलची प्री-शेअर्ड की (दोन्ही टोकांचा सामायिक पासवर्ड) दुसऱ्यावर चिकटवली गेली, की एक टनेल छान चालतो, दुसरा कधीच उठत नाही आणि पहिला पडेपर्यंत कुणाच्या लक्षातही येत नाही.

ॲमेझॉनकडची एएसएन गृहीत धरू नका, गेटवेच्या पानावर जाऊन बघा. नव्या गेटवेवर काही न बदलल्यास ६४५१२ असते, पण जुन्या व्हर्च्युअल प्रायव्हेट गेटवेवर (व्हीपीसीच्या व्हीपीएनकडच्या टोकावर) ७२२४ सुद्धा सापडते.

सेशनची अवस्था वाचणं

'शो आयपी बीजीपी समरी' चालवा आणि शेवटचा रकाना बघा. तिथे आकडा असेल, अगदी शून्य असला तरी, सेशन उभं आहे आणि तुम्ही थेट पायरी ५ वर जा. शब्द असेल तर त्याचा अर्थ असा:

आयडल म्हणजे राउटर प्रयत्नच करत नाही. नेबरकडे जायला रूट नाही, इंटरफेस खाली आहे किंवा कुणीतरी मुद्दाम बंद केलं आहे. मुद्दाम बंद असेल तर सिस्को पुढे 'ॲडमिन' दाखवतो. 'पीएफएक्ससीटी' दिसलं तर तुमच्याच राउटरवर लावलेली प्रीफिक्सची (शिकलेल्या नेटवर्क पट्ट्यांची) मर्यादा ओलांडली गेली आहे.

ॲक्टिव्ह दिसलं तर खूश होऊ नका. टीसीपी जोडणीचे प्रयत्न सुरू आहेत पण जमत नाही, एवढंच ते सांगतं. कनेक्ट अवस्थेचंही तेच. दोन्हींत दोष बीजीपीच्या खाली असतो: टनेल, रूट, फायरवॉल, एमडी५ पासवर्ड.

ओपनसेंट किंवा ओपनकन्फर्मला अडकलं किंवा तिथून परत खाली आलं, तर टीसीपी जमलं आहे आणि दोघांचं बोलण्याच्या अटींवर बिनसलं आहे. एएसएन, होल्ड टाइम (समोरून काही आलं नाही तर किती वेळ थांबायचं), राउटर आयडी यांतलं काहीतरी.

एस्टॅब्लिश्ड होऊन ठरावीक अंतराने पडत असेल तर ती पूर्ण वेगळी जात आहे. त्यासाठी पायरी ४.

पायरी १: टनेल खरंच चालू आहे का

'शो क्रिप्टो आयपीसेक एसए' मध्ये दोन मोजणी बघा: एन्कॅप्स (टनेलमध्ये गेलेली पॅकेटं) आणि डीकॅप्स (टनेलमधून आलेली). दहा सेकंदांच्या अंतराने दोनदा चालवा. दोन्ही वाढत असतील तर टनेल ठीक. एन्कॅप्स वाढतंय आणि डीकॅप्स शून्यावर आहे, तर तुमचं जातंय पण परत काही येत नाही. नॅटच्या (पत्ते बदलणाऱ्या यंत्राच्या) मागे असाल तर युडीपी ४५००, नसाल तर ईएसपी म्हणजे आयपी प्रोटोकॉल ५०, वाटेत कुणीतरी अडवत असण्याची शक्यता मोठी. नॅट नसेल तेव्हा की-ची बोलणी युडीपी ५०० वर होतात आणि ती सुटलेली असतात, म्हणून टनेल 'अप' दिसत राहतो. एन्कॅप्सच वाढत नसेल तर तुमचं बीजीपी पॅकेट टनेलमध्ये शिरतच नाही.

यातलं शेवटचं फार वेळा होतं. कारण पॉलिसीवर चालणारा व्हीपीएन. ऑफिसच्या फायरवॉलवर कुणीतरी '१०.२०.०.०/१६ ते १०.५०.०.०/१६' एवढीच वाहतूक टनेलमध्ये घ्या असं लिहिलेलं असतं. बीजीपीचं पॅकेट १६९.२५४.४४.१० वरून १६९.२५४.४४.९ ला निघतं. ते त्या पट्ट्यात बसत नाही, म्हणून इंटरनेटच्या दिशेने जातं आणि तिथेच मरतं. बीजीपी हवं असेल तर रूटवर चालणारा टनेल घ्या, म्हणजे व्हर्च्युअल टनेल इंटरफेस, आणि ट्रॅफिक सिलेक्टर (कोणती वाहतूक टनेलमध्ये घ्यायची ते पट्टे) दोन्हीकडे ०.०.०.०/० ठेवा. एडब्ल्यूएस तसाही एका टनेलवर सिक्युरिटी असोसिएशनची (टनेलच्या की आणि अटींच्या कराराची) एकच जोडी चालू देतं. तुम्ही चार सबनेटच्या चार जोड्या मागितल्यात तर त्या एकमेकींना ढकलत राहतात.

टनेल मुळातच उठत नसेल तर आणखी एक बघा. नेहमीच्या सेटिंगमध्ये एडब्ल्यूएस स्वतःहून बोलणी सुरू करत नाही, ती तुमच्या राउटरने करायची असतात. दोघं एकमेकांची वाट बघत बसले तर काहीच होणार नाही.

या सगळ्यात व्हीपीसीचे सिक्युरिटी ग्रुप आणि नेटवर्क एसीएल (दोन्ही वाहतूक गाळणारे नियम) उघडून बसू नका. बीजीपी सेशन गेटवेवर संपतं, व्हीपीसीच्या आत ते शिरतच नाही. सेशन उभं राहण्याशी त्या नियमांचा काही संबंध नाही.

पायरी २: समोरचा पत्ता आणि टीसीपी १७९

टनेल इंटरफेसचा पत्ता सोर्स म्हणून देऊन .९ ला पिंग करा. सोर्स न देता केलेल्या पिंगवर विश्वास ठेवू नका, राउटर दुसराच पत्ता उचलू शकतो. उत्तर आलं तर आयपीपर्यंत सगळं ठीक.

पुढे टीसीपी १७९, म्हणजे बीजीपीचं पोर्ट. ऑफिसच्या फायरवॉलवर दोन्ही दिशांनी मोकळं हवं, कारण जोडणी कोणतीही बाजू सुरू करू शकते. ज्या फायरवॉलवरच बीजीपी चालतं तिथे आणखी एक दार असतं: स्वतः फायरवॉलकडे येणाऱ्या वाहतुकीचे वेगळे नियम. आरपार जाणाऱ्या वाहतुकीला परवानगी दिली म्हणून ते दार उघडत नाही.

१७९ वर टेलनेट करून बघण्याची सवय अनेकांना असते. चालेल, पण एमडी५ पासवर्ड लावलेला असेल तर टेलनेट हमखास अपयशी ठरेल, सगळं नीट असलं तरी. एमडी५ मध्ये प्रत्येक टीसीपी पॅकेटवर सही असते, आणि टेलनेटला ती करता येत नाही.

इथे खात्रीचा मार्ग पॅकेट कॅप्चर. टनेल इंटरफेसवर पोर्ट १७९ चा फिल्टर लावून एक-दोन मिनिटं घ्या. दिसणाऱ्या चित्रांवरून कारण जवळजवळ ठरतं:

तुमचं 'सिन' (जोडणी सुरू करणारं पॅकेट) जातंय, पुन्हा जातंय, उत्तर काहीच नाही. वाटेत किंवा समोर कुणीतरी गपचूप टाकून देतंय. फायरवॉल, परतीचा रूट नसणं किंवा एमडी५ न जुळणं. एमडी५ चुकलं तर समोरचा राउटर 'चुकलंय' असं कळवत नाही, पॅकेट फेकून देतो. समोरूनही प्रयत्न होत असतील तर तुमच्या लॉगमध्ये 'इनव्हॅलिड एमडी५ डायजेस्ट' किंवा 'नो एमडी५ डायजेस्ट' अशी ओळ येते. पहिलीचा अर्थ पासवर्ड वेगळा, दुसरीचा अर्थ त्यांच्याकडे पासवर्ड लावलेलाच नाही. पासवर्ड पेस्ट करताना शेवटी आलेली मोकळी जागा हे नेहमीचं कारण.

'सिन' गेलं आणि लगेच 'रिसेट' आलं. समोर यंत्र जिवंत आहे, पण तुमच्या पत्त्यावरून येणारा नेबर त्याला माहीत नाही. सोर्स पत्ता तपासा, 'अपडेट-सोर्स' चुकीच्या इंटरफेसवर असेल.

समोरून 'सिन' येतंय आणि तुमचा राउटर गप्प आहे. दोष तुमच्याकडे. एसीएल, कंट्रोल प्लेनचे नियम, किंवा नेबर वेगळ्या व्हीआरएफमध्ये (राउटरमधल्या स्वतंत्र राउटिंग टेबलात) लिहिला गेलाय.

टीटीएलही (पॅकेट किती राउटर ओलांडू शकतं तो आकडा) एकदा डोळ्याखालून घाला. दोन वेगळ्या एएसमधल्या बीजीपीत पॅकेट टीटीएल १ ने निघतं. मध्ये एखादं फायरवॉल यंत्र राउटरसारखं बसलं असेल तर पॅकेट तिथेच संपतं. तेव्हा 'ईबीजीपी-मल्टिहॉप' लागतो.

पायरी ३: नोटिफिकेशन वाचायला शिका

टीसीपी जमलं की दोघं ओपन संदेश पाठवतात. काही पटलं नाही तर नोटिफिकेशन पाठवून जोडणी तोडतात. त्यात दोन अंक असतात, कोड आणि उपकोड. लॉगमध्ये 'सेंट टू नेबर' की 'रिसीव्ड फ्रॉम नेबर' हे आधी बघा. सेंट असेल तर आक्षेप तुमच्या राउटरचा, रिसीव्ड असेल तर समोरच्याचा.

२/२ म्हणजे एएसएन चुकली. सिस्को शेवटी दोन बाइट हेक्समध्ये छापतो आणि त्यातच उत्तर असतं. 'सेंट... २/२' आणि पुढे 'एफसी००' असेल, तर समोरचा स्वतःला ६४५१२ म्हणवतोय आणि तुमच्या 'रिमोट-एएस'मध्ये दुसरं काही आहे. 'एफडीई८' म्हणजे ६५०००, 'एफएफईबी' म्हणजे ६५५१५. कॅल्क्युलेटर प्रोग्रामर मोडवर टाकला की काम झालं. आकडा २३४५६ निघाला तर समोरची एएसएन चार बाइटची आहे आणि तुमचा जुना राउटर चार बाइटच्या एएसएन ओळखत नाही. ती त्या कामासाठी राखून ठेवलेली जागा भरणारी एएसएन आहे.

२/३ म्हणजे राउटर आयडीत गडबड, बहुतेक वेळा दोघांचा एकच. व्हर्च्युअल राउटरची इमेज क्लोन करून दुसरा उभा केला की हे होतं. २/६ म्हणजे होल्ड टाइम मान्य नाही. ४/० म्हणजे होल्ड टाइम संपला. ६/१ म्हणजे प्रीफिक्सची मर्यादा ओलांडली. ६/२ म्हणजे त्या बाजूने कुणीतरी हाताने बंद केलं. ६/७ दिसलं तर काळजी नको: दोघांनी एकाच वेळी जोडणी केली आणि त्यातली एक सोडून दिली, एवढाच त्याचा अर्थ.

दुरुस्ती केल्यावर सेशन लगेच उठलं नाही तर दोन मिनिटं थांबा. पुढचा प्रयत्न कधी करायचा याचा टायमर असतो, बीजीपीच्या मानकात सुचवलेली किंमत १२० सेकंदांची आहे. या दोन मिनिटांत धीर सुटून केलेला दुसरा बदल मूळ दुरुस्तीवर पाणी फिरवतो.

पायरी ४: उभं राहतं आणि ठरावीक वेळाने पडतं

किती वेळाने पडतं ते मोजा. वेळेवरूनच कारणाची दिशा मिळते.

सेशन उभं राहताना दोन्ही बाजूंचा जो लहान होल्ड टाइम असेल तो ठरतो. सिस्कोचा स्वतःचा १८० सेकंद, जुनिपरचा ९०, गूगल क्लाउड राउटरचा ६०, आणि एडब्ल्यूएस व्हीपीएनसाठी जी नमुना फाइल देतं तिच्यात ३०. ठरलेल्या वेळात समोरून काहीच आलं नाही तर सेशन पाडलं जातं. आता समजा ते नेमकं तेवढ्याच वेळाने पडतंय, पुन्हा उठतंय, पुन्हा तेवढ्याच वेळाने पडतंय. पिंग मात्र अखंड चालू. हे जवळजवळ नेहमीच एमटीयूचं (लिंकवर मावणाऱ्या सर्वात मोठ्या पॅकेटच्या आकाराचं) दुखणं असतं.

यामागची यंत्रणा नीट समजून घेण्यासारखी आहे. कीपअलाइव्ह ('मी जिवंत आहे' सांगणारा) संदेश फक्त १९ बाइटचा असतो: १६ बाइटचा मार्कर, २ बाइट लांबी, १ बाइट प्रकार. ओपन संदेशही छोटा. दोन्ही कुठूनही सुटतात, म्हणून सेशन उभं राहतं. मग राउटर सगळे प्रीफिक्स अपडेटमध्ये भरून पाठवतो. एक अपडेट ४०९६ बाइटपर्यंत जाऊ शकतो, आणि अपडेट छोटे असले तरी टीसीपी ते एकापाठोपाठ रचून सेगमेंट पूर्ण भरतो. टनेल इंटरफेसवर एमटीयू १५०० राहिला असेल तर १५०० चं पॅकेट तयार होतं, त्यावर आयपीसेकचं वेष्टण चढतं आणि ते वाटेतल्या लिंकमध्ये मावत नाही. तुकडे करायला मनाई असते, 'पॅकेट मोठं आहे' हा आयसीएमपी निरोप कुठल्यातरी फायरवॉलने अडवलेला असतो. टीसीपी तेच पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. आणि टीसीपीत सगळं क्रमानेच पोहोचतं, त्यामुळे मागून आलेले १९ बाइटचे कीपअलाइव्ह त्या पॅकेटला ओलांडून जाऊ शकत नाहीत. अरुंद घाटात ट्रेलर अडकला की मागच्या दुचाकीचीही वाट बंद होते, तसंच. समोरच्याला तुमच्याकडून काहीच ऐकू येत नाही, त्याचा होल्ड टाइम संपतो.

म्हणून लॉगमधली दिशा इथेही कामाची. तुमच्याकडे '४/० रिसीव्ड' असेल तर तुमच्याकडून समोर जाणारी मोठी पॅकेटं अडतायत. '४/० सेंट' असेल तर समोरून तुमच्याकडे येणारी. प्रयोगशाळेत पाच प्रीफिक्सवर चाललेलं सेशन खऱ्या नेटवर्कवर का पडतं, याचं उत्तरही हेच: पाच प्रीफिक्सचा अपडेट लहान होता.

खात्री करण्यासाठी 'तुकडे नको' हा पर्याय लावून वेगवेगळ्या आकाराचे पिंग पाठवा: १३००, १३५०, १४००, १४५०. सिस्कोच्या पिंगमध्ये दिलेला आकार आयपी हेडरसकट असतो. लिनक्स आणि विंडोजवर फक्त आतला भाग असतो, म्हणजे १४०० चं पॅकेट हवं तर १३७२ द्यायचं. कुठल्या आकाराला उत्तर थांबतं ते टिपा. मग टनेल इंटरफेसवर आयपी एमटीयू १४०० आणि टीसीपी एमएसएस (एका सेगमेंटमधला कमाल डेटा) १३५० च्या आसपास बांधा. एडब्ल्यूएसच्या नमुना फाइलमध्ये एमएसएस १३७९ असतो, अझ्युअर १३५० सुचवतं. सेशन पुन्हा उठल्यावर 'शो आयपी बीजीपी नेबर्स'मध्ये 'मॅक्स डेटा सेगमेंट' बघा. अजून १४६० दिसत असेल तर तुमचा बदल लागू झालेला नाही.

तासाने पडत असेल तर एमटीयू सोडा, आयपीसेककडे वळा. एडब्ल्यूएसवर फेज २ चं (डेटा नेणाऱ्या कींचं) आयुष्य ३६०० सेकंद आणि फेज १ चं (बोलणी करणाऱ्या जोडणीचं) २८,८०० सेकंद असतं. आयकेईव्ही२ मध्ये (टनेलची बोलणी करणाऱ्या प्रोटोकॉलमध्ये) एक फसवी गोष्ट आहे. पहिली फेज २ जोडी सुरुवातीच्या बोलण्यांतच तयार होते आणि तिच्यासाठी वेगळी की-देवघेव होत नाही. त्यामुळे दोन्हीकडचा पीएफएस ग्रुप (नव्या की बनवण्याची सेटिंग) वेगळा असला तरी टनेल पहिला तासभर झकास चालतो. की बदलायची वेळ आली की बिनसतं. 'काहीच बदललं नाही, तरी तासाभराने पडतं' अशी तक्रार आली की दोन्हीकडचा पीएफएस ग्रुप पहिल्यांदा जुळवून बघा.

तिसरी जात: सेशन उठतं, काही सेकंदांत अख्खा टनेलच पडतो, परत उठतो. समोरून ०.०.०.०/० शिकताय का ते बघा. बाहेरच्या बीजीपीला सिस्कोवर २० चं ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स (कमी आकडा जिंकतो) असतं. इंटरनेटचा डीफॉल्ट रूट ओएसपीएफवरून (११०) किंवा डीएचसीपीवरून (२५४) येत असेल तर बीजीपीचा जिंकतो. मग टनेलची बाहेरची पॅकेटंसुद्धा टनेलमध्येच शिरू पाहतात, टनेल कोसळतो, शिकलेला रूट जातो, टनेल पुन्हा उठतो. उपाय सोपा आहे. क्लाउडच्या दोन्ही व्हीपीएन पब्लिक आयपींसाठी इंटरनेट गेटवेकडे जाणारे /३२ चे स्टॅटिक रूट टाका. समोरचा आज डीफॉल्ट रूट पाठवत नसला तरी हे दोन रूट टाकून ठेवावेत असं आमचं स्पष्ट मत आहे.

पायरी ५: एस्टॅब्लिश्ड आहे, तरी पलीकडे पोहोचत नाही

दोन प्रश्न वेगळे विचारा: तुम्ही काय पाठवताय, आणि काय येतंय. 'ॲडव्हर्टाइज्ड-रूट्स' आणि नेबरकडून आलेले रूट, दोन्ही बघा.

पाठवण्याची यादी रिकामी असेल तर 'नेटवर्क' ओळ तपासा. सिस्कोवर तो प्रीफिक्स त्याच मास्कने राउटिंग टेबलात असावा लागतो. टेबलात १०.२०.१.०/२४ आणि १०.२०.२.०/२४ आहेत आणि तुम्ही १०.२०.०.०/१६ लिहिलंय, तर काहीच जाणार नाही. त्या /१६ साठी नल०कडे (पॅकेट टाकून देणाऱ्या इंटरफेसकडे) जाणारा स्टॅटिक रूट टाका. एफआरआर (मोफत राउटिंग सॉफ्टवेअर) वापरत असाल तर समरीत 'पॉलिसी' असा शब्द दिसतोय का बघा. २०१७ च्या आरएफसी ८२१२ नुसार बाहेरच्या नेबरला रूट-मॅप (रूट गाळण्याचे नियम) नसेल तर काही घ्यायचं नाही आणि काही द्यायचं नाही, आणि एफआरआरच्या नव्या आवृत्त्या ते पाळतात. आयओएस एक्सआरही तसाच वागतो. सेशन हिरवं, प्रीफिक्स शून्य.

मर्यादा लक्षात असू द्या. व्हर्च्युअल प्रायव्हेट गेटवेवरच्या व्हीपीएनला तुम्ही १०० प्रीफिक्स पाठवू शकता, ट्रान्झिट गेटवेवर (अनेक नेटवर्क जोडणाऱ्या एडब्ल्यूएसच्या मध्यवर्ती राउटरवर) १०००. डायरेक्ट कनेक्टच्या प्रायव्हेट व्हर्च्युअल इंटरफेसवर आयपीव्ही४ साठी १०० आणि आयपीव्ही६ साठी १००, आणि ओलांडलं की सेशनच आयडल होतं. ऑफिसमधले सगळे /२४ जसेच्या तसे रीडिस्ट्रिब्यूट करणाऱ्यांचं इथे हमखास अडतं. एकत्र करून /१६ पाठवा, आणि बाहेर जाणारी प्रीफिक्स-लिस्ट लावा, म्हणजे उद्या कुणी आत भर घातली तरी बाहेर गळती होणार नाही.

पुणे आणि नाशिक अशा दोन शाखा एकाच ट्रान्झिट गेटवेला जोडल्या आणि दोघींना ६५००० च दिली, तर पुण्याचा रूट नाशिकला पोहोचूनही टाकला जातो. एएस पाथमध्ये (रूट ज्या एएसएनमधून आला त्यांच्या यादीत) स्वतःचीच एएसएन दिसली की राउटर तो फेरा समजतो. 'अलाऊएएस-इन'ने वाट निघते, पण शाखांना वेगळ्या एएसएन देणं केव्हाही बरं. ६४५१२ ते ६५५३४ मध्ये जागा भरपूर आहे.

राउटरवर सगळं बरोबर असेल तर क्लाउडच्या आत या. व्हीपीसीच्या रूट टेबलवर 'रूट प्रोपगेशन' (बीजीपीने शिकलेले रूट टेबलात आपोआप येणं) सुरू केलंय का? ट्रान्झिट गेटवे असेल तर तिथलं प्रोपगेशन वेगळं, आणि व्हीपीसीच्या टेबलात ट्रान्झिट गेटवेकडे जाणारा रूट हाताने टाकावा लागतो. सिक्युरिटी ग्रुप बघायची वेळ आता आली.

दोन्ही टनेल चालू असताना काही जोडण्या चालतात आणि काही नाही, असं दिसलं तर एका टनेलने जाऊन दुसऱ्याने परत येणारी वाहतूक असते. ऑफिसची फायरवॉल अशी पॅकेटं टाकून देते. दुसऱ्या टनेलवर एएस पाथ लांब करून पाठवा आणि तुमच्या बाजूने पहिल्याला जास्त लोकल प्रेफरन्स द्या, म्हणजे दोन्ही दिशा एकाच टनेलने जातील.

डायरेक्ट कनेक्टवर खालून वर

इथे आयपीसेक नाही, पण तार आहे. आधी प्रकाश: १ गिगाबिटसाठी १०००बेस-एलएक्स, १० गिगाबिटसाठी १०जीबेस-एलआर ऑप्टिक हवं, सिंगल मोड फायबरवर. १ गिगाबिटपेक्षा वेगवान पोर्टवर ऑटो-निगोशिएशन बंद ठेवायचं. समोरून प्रकाश जवळजवळ येतच नसेल तर डेटा सेंटरला फायबरची जोडी उलटी करून बघायला सांगा.

मग व्हीएलएएन टॅग, मग एआरपी (आयपीवरून समोरच्या यंत्राचा हार्डवेअर पत्ता शोधणं). ॲमेझॉनच्या पत्त्यासमोर एआरपीत 'इनकम्प्लीट' असेल तर बीजीपीकडे बघायचंच नाही. टॅग चुकलाय किंवा मधल्या पुरवठादाराच्या स्विचवर तो व्हीएलएएन पुढे नेलेला नाही.

पुण्यातल्या ऑफिसातून मुंबईच्या डायरेक्ट कनेक्ट ठिकाणापर्यंत लिंक पुरवठादाराची असते. ती मध्येच तुटली तरी तुमचं पोर्ट हिरवं राहतं, कारण पोर्ट जवळच्या स्विचला जोडलेलं असतं. मग होल्ड टाइम संपेपर्यंत वाहतूक खड्ड्यात. यावर बीएफडी (लिंक तुटल्याचं झटपट ओळखणारा प्रोटोकॉल) लावा. ॲमेझॉनकडे तो प्रत्येक व्हर्च्युअल इंटरफेसवर चालूच असतो, तुमच्या राउटरवर ३०० मिलिसेकंद आणि ३ चा गुणक दिला की बिघाड सेकंदाच्या आत कळतो. फायरवॉलवर युडीपी ३७८४ मोकळा हवा.

अझ्युअर वेगळं कुठे

व्हीपीएन गेटवेची एएसएन नेहमी ६५५१५ असते, बदलली नसेल तर. तुमच्या राउटरला ६५५१५ किंवा ६५५१७ ते ६५५२० यांपैकी काही देऊ नका, अझ्युअरने त्या राखून ठेवल्या आहेत. बीजीपी गेटवेवर सुरू करणं पुरेसं नाही, कनेक्शनवरही सुरू करावं लागतं. बेसिक दर्जाच्या गेटवेवर बीजीपी मिळतच नाही.

गेटवेचा पीअर पत्ता सहसा गेटवे सबनेटमधला असतो, टनेलच्या /३० मधला नाही. त्यामुळे त्या पत्त्यासाठी टनेलकडे जाणारा /३२ चा स्टॅटिक रूट आणि 'ईबीजीपी-मल्टिहॉप', दोन्ही लागतात. एक विसरलं की आयडल, दुसरं विसरलं तरी आयडल. १६९.२५४ चे पत्ते वापरायचे तर १६९.२५४.२१.० ते १६९.२५४.२२.२५५ याच पट्ट्यातले घ्या.

एक्सप्रेसराउटवर (अझ्युअरच्या थेट खाजगी लिंकवर) मायक्रोसॉफ्टची एएसएन १२०७६, आणि /३० मधला पहिला पत्ता तुमचा, दुसरा मायक्रोसॉफ्टचा. म्हणजे एडब्ल्यूएस व्हीपीएनच्या नेमकं उलट. दोन्ही क्लाउड सांभाळणाऱ्यांनी ही ओळ भिंतीवर लावावी. प्रायव्हेट पीअरिंगवर ४००० प्रीफिक्स चालतात, प्रीमियम घेतल्यास १०,०००.

तिकीट टाकताना

क्लाउड कंपनीला 'बीजीपी चालत नाही' एवढंच लिहिलं तर पहिले दोन दिवस प्रश्नोत्तरांत जातात. पहिल्याच संदेशात हे द्या: कनेक्शनचा आयडी आणि कोणता टनेल, बिघाडाची वेळ यूटीसीमध्ये (भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा), नोटिफिकेशनची पूर्ण ओळ हेक्ससकट, एन्कॅप्स-डीकॅप्सचे दोन वेळचे आकडे, आणि पोर्ट १७९ चं कॅप्चर. पासवर्ड आणि प्री-शेअर्ड की कॉन्फिगरेशनमधून काढून टाका.

दुरुस्तीनंतर पॉलिसी बदललीत तर सेशन तोडू नका, शेवटी 'सॉफ्ट' लिहून क्लिअर करा. तारांकन लावून सगळे नेबर क्लिअर करणारी कमांड चालत्या राउटरवर कधीच देऊ नका, इंटरनेट पुरवठादाराचं सेशनही त्यात जातं. आणि दोन्ही सेशन हिरवी झाली की कामाच्या वेळेबाहेर पहिला टनेल हाताने बंद करा. वाहतूक दुसऱ्यावर जाते का, किती सेकंदांत जाते हे मोजून नोंदवा, मगच तिकीट बंद करा.